डास मे महिन्यात शोधा

1904 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात रोनाल्ड रॉस यांनी विद्वानांसमोर एक प्रश्न मांडला. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात त्यांनी 1897मध्ये सिकंदराबादेत शोधले होते, नोबेलही मिळाले होते. आता प्रश्न पुढचा होता. ठरावीक वर्तुळातली सगळी डबकी बुजवली, तर आत किती डास राहतील आणि बाहेरून किती येतील? डास उडतो, बसतो, पुन्हा भलत्याच दिशेला वळतो. म्हणून बहुतेक डास जन्मस्थानापासून फार लांब पोहोचत नाहीत. वर्तुळ मोठे असेल तर मधोमध डास घटतात. कडेला मात्र शेजारचे शिरतच राहतात.

आपल्याकडची मोहीम अजूनही या कडेचा विचार करत नाही.

गल्लीत डेंग्यूचा रुग्ण सापडला की धुराची गाडी येते. उडते डास मरतात, चार दिवस बरे जातात. पाण्यातल्या अळ्यांना त्या धुराने काही होत नाही आणि पुढच्या गल्लीतली टाकी उघडीच असते. डेंग्यू पसरवणारा एडिस सहसा काहीशे मीटरच उडतो, पण तेवढ्यात चार इमारती सहज येतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. पहिल्या सरीने भांडे भरले की त्यातून अळ्या बाहेर पडतात. जुलैमधल्या डासांची तयारी अशी आधीच झालेली असते.

शिवाय सगळी डबकी सारखी नसतात. रस्त्यावरचे डबके दोन दिवसांच्या उन्हाने आटते, मुसळधार पाऊस गटारातल्या अळ्या वाहून नेतो. पण गच्चीवरची झाकण तुटलेली टाकी, बांधकामावरचा हौद, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी बारा महिने टिकते. उन्हाळ्यात डासांची संख्या रोडावते तेव्हा वंश तगतो तो अशा मोजक्या ठिकाणी. पाऊस आला की तिथूनच सारा परिसर पुन्हा भरतो. अर्धवट उपाय तर आणखी फसवा. दाटीवाटीने वाढणाऱ्या अळ्यांपैकी थोड्या मारल्या, तर उरलेल्यांना खाणे जास्त मिळते आणि त्यातल्या अधिक जगतात.

मुंबईला हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच सांगितले गेले होते. 1911च्या अहवालात चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचे मूळ विहिरींमध्ये दाखवले. तिथे वाढत होती अॅनाफिलिस स्टिफेन्साय ही मलेरिया पसरवणारी डासाची जात. या जातीचे वर्णन लिस्टन यांनी 1901मध्ये केले, तेही आपल्या वऱ्हाडातल्या एलिचपुरातल्या, म्हणजे आजच्या अचलपुरातल्या निरीक्षणांवरून. विहिरी झाकायला धार्मिक कारणांनी विरोध झाला, तरीही त्या झाकण्याचे काम हाती घेतले गेले. प्रत्येक डासामागे न धावता त्याचे घर हेरायचे, ही दृष्टी आज अधिक हवी आहे.

कारण हीच स्टिफेन्साय आता आफ्रिकेत पोहोचली आहे. 2012मध्ये ती जिबुतीत आढळली. तिथले मलेरियाचे रुग्ण त्या वर्षीच्या 27वरून 2020मध्ये 73 हजारांच्या वर गेले. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः गावाकडचा समजला जाई. टाकीत आणि पिंपात वाढणाऱ्या या जातीने तो शहरात आणला. इतक्या लांबची मजल पंखांवर मारावी लागतेच असे नाही. एडिसचाच भाऊबंद असलेला आशियाई टायगर डास 1985मध्ये ह्यूस्टनला आढळला, तो जुन्या टायरांच्या मालातून आला असे मानले जाते. भंगाराच्या दुकानापुढची टायरांची रास म्हणूनच क्षुल्लक नाही.

1969मध्ये रिचर्ड लेविन्स या अभ्यासकाने किडींच्या नियंत्रणाचे गणित मांडले. एका जागी कीड नष्ट होते, शेजारून पुन्हा येते. म्हणून उपाय सगळीकडे एकाच वेळी करावा, असे त्याचे सांगणे. त्याचा हा लेख धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर असायला हवा. एक प्रभाग सोमवारी, दुसरा पंधरा दिवसांनी, तिसरा रुग्ण सापडल्यावर, असे वेळापत्रक म्हणजे डासांना परतण्यासाठी दिलेली सवड. साठवलेले पाणी ओतून भांडी सुकवण्याचा आठवड्याचा 'कोरडा दिवस' चांगलाच. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, हे गणित त्यामागे आहे. पण तो वस्तीने एकत्र पाळला तरच उपयोगाचा.

म्हणून फवारणीच्या खर्चातला मोठा वाटा एप्रिल-मेमध्ये शोधमोहिमेवर वळवावा. बारमाही पाण्याच्या जागांची प्रभागवार यादी करून ती नागरिकांसमोर ठेवावी, टाक्यांना झाकणे बसवावीत, जिथे झाकण शक्य नाही तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर या लागून असलेल्या महापालिकांनी हे काम एकाच आठवड्यात करावे, आणि बांधकामाचा परवाना देतानाच साठवलेल्या पाण्याची जबाबदारी कंत्राटदाराच्या नावावर लिहून घ्यावी.