सायकलची चाल आणि आपले गद्य

मराठी शाळांतून निबंधाचा एक प्रकार पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे: आत्मवृत्त. फाटके पुस्तक बोलते, पडका वाडा बोलतो, तशी जुनी सायकलही बोलते. तिचे बोलणे ठरलेले असते. ती दुकानात चकचकीत उभी होती, कोणाच्या तरी वाढदिवसाला घरी आली, तिचे लाड झाले आणि आता ती अडगळीत गंजत पडली आहे. पदवीच्या वर्गात सायकलवर लिहायला सांगितले तरी बहुधा हेच लेखन थोड्या प्रौढ भाषेत समोर येते. वाढदिवसाच्या जागी वडिलांचे कष्ट येतात आणि गंजाच्या जागी स्मृती. एक गोष्ट मात्र राहूनच जाते. ती सायकल चालायची कशी? जड की हलकी? वळणावर भरवशाची की दगा देणारी? ज्या वस्तूवर माणूस वर्षानुवर्षे बसला, तिची चाल त्याला सांगता येऊ नये, ही बाब मराठी गद्याच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

याचे एक कारण आपल्या साहित्यदृष्टीत आहे. यंत्र आपल्याकडे आले ते मुख्यतः चिन्ह म्हणून. मर्ढेकरांच्या कवितेने यंत्रयुगाची प्रतिमासृष्टी मराठीत आणली, पण तिचा रोख यंत्राने माणसाचे काय केले याकडे होता. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) मध्ये ट्रॅक्टर येतो तो गुराढोरांचा आणि गड्याचा गोतावळा मोडणारा म्हणून. अगदी सायकलचे नाव मिरवणारा प्रकाश कुंटे यांचा ‘सायकल’ (२०१८) हा चित्रपट घेतला तरी कोकणातल्या ज्योतिषाची पिवळी सायकल चोरीला जाते आणि गोष्ट माणसांच्या चांगुलपणाची होते. या कलाकृतींनी जे केले ते त्यांच्या जागी योग्यच आहे. तक्रार एवढीच, की चिन्हाच्या अलीकडची वस्तू, म्हणजे हातापायांना आणि कानांना कळणारी सायकल, आपण फारशी लिहिलीच नाही.

भाषेत शब्द नाहीत, ही सबब येथे टिकत नाही. नुसती क्रियापदे पाहा. सायकल चालवतात, मारतात, हाणतात, दामटतात, रेटतात. हाणणाऱ्याला घाई आहे. दामटणाऱ्याला वाहनाची किंवा रस्त्याची पर्वा नाही. रेटणाऱ्याच्या पुढे चढ आहे किंवा मागे ओझे. सायकलवर आपण ‘टांग मारतो’, ‘मांड ठोकतो’. हे शब्द घोड्यावरून उतरून सायकलवर बसले. चाक, आरे, वंगण हे बैलगाडीने दिले. याउलट ‘दुचाकी’ हा घडवलेला शब्द हळूहळू स्कूटर-मोटरसायकलकडे सरकला. आज वृत्तपत्रात दुचाकी म्हटले की कोणाला सायकल आठवत नाही. घडवलेली संज्ञा निसटली आणि वापरातली क्रियापदे राहिली, यात भाषेच्या अभ्यासकाने घ्यावा असा धडा आहे.

या वापराचे खरे विद्यापीठ म्हणजे सायकल दुरुस्तीचे दुकान. तेथे ‘ओव्हरऑयलिंग’ नावाचा एक संस्कार होतो: सगळी सायकल सोडायची, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, नवे ग्रीस भरायचे, कोन पुन्हा बसवायचे. कोन जास्त आवळला तर चाक जड फिरते, ढिला राहिला तर ते खेळते. ‘खेळणे’ हे क्रियापद किती नेमके आहे! चाक फिरते आहे, पण आपल्या जागेवर नाही. रिम वाकडी असेल तर चाक ‘आऊट’ आहे, आणि तारा आवळून-सैल करून त्याचा ‘आऊट काढायचा’ असतो. कारागीर आवाजावरूनही निदान करतो. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘कट्’ होत असेल तर दोष पायडल, क्रँक किंवा मधल्या आसाच्या भागात शोधायचा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घासल्याचा आवाज येत असेल तर चाक, मडगार्ड आणि ब्रेक पाहायचे. अनुकरणवाचक शब्दांवर व्याकरणात एक परिच्छेद लिहून आपण थांबतो. येथे खडखड, कुरकुर, खुळखुळ आणि किरकिर हे चार वेगवेगळे रोग आहेत.

आमच्या विरारपुरते सांगायचे तर स्थानकाच्या पश्चिमेला बोळींज-आगाशीवरून अर्नाळ्याकडे जाणारा रस्ता जवळपास सपाट आहे. सायकलला तो सोपा वाटावा. पण दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की तोच रस्ता चढासारखा होतो. हा जडपणा आणि कोन आवळल्याचा जडपणा एक नव्हे. वेग कमी केला किंवा हँडलवर वाकून बसले की वाऱ्याचा जडपणा उतरतो. यंत्रातला जडपणा हळू चालवतानाही पायात राहतो. हवा कमी असेल तर आणखी तिसराच जडपणा येतो: सायकल रस्त्याला चिकटल्यासारखी होते, वळताना मागचे चाक लचकते, खड्ड्यात रिमचा ठोका बसतो. किनाऱ्यावर ओली, दाबून बसलेली वाळू सायकल पेलते. कोरडीत पुढचे चाक रुतते आणि हँडल हातातून फिरू पाहते. पावसात जुन्या लोखंडी रिमच्या सायकलचा ब्रेक दाबला तर क्षणभर काहीच घडत नाही. रबराने रिमवरचे पाणी पुसले की मग चाक धरले जाते. तो मधला क्षण ज्याने अनुभवला आहे, त्याला ‘ब्रेक लागला नाही’ आणि ‘ब्रेक उशिरा लागला’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. लिहिताना मात्र तोच माणस ‘वाऱ्याशी गप्पा मारत सायकल धावत होती’ असे लिहितो.

तोलाविषयीही हेच. सायकल शिकवणारे आपल्याकडे सांगतात, ‘ज्या बाजूला पडशील त्या बाजूला हँडल वळव.’ नवशिक्याचे शरीर नेमके उलटे करते. मार्क ट्वेनने उंच चाकाच्या सायकलवर धडपडत शिकल्याची हकीकत लिहिली (ती त्याच्या मृत्यूनंतर १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली). तिच्यातली गंमत याच उलटेपणावर उभी आहे. मायकेल पोलानी या विचारवंताने १९५८ च्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात सायकलचे उदाहरण घेतले. स्वार ज्या नियमाने तोल राखतो तो त्याला माहीत नसतो, आणि नियम पाठ केल्याने सायकल येत नाही. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी दाखवले, की सायकल आपली आपण उभी राहते त्याची जी दोन कारणे परंपरेने दिली जात, ती दोन्ही काढून टाकली तरी सायकल तोल राखू शकते. शास्त्र अजून शोधतेच आहे. गल्लीतल्या त्या सूचनेत मात्र एक खरे निरीक्षण केव्हाच बसले होते, आणि तोल, कल, झोक, झोल हे चार शब्द त्या निरीक्षणाच्या छटा सांगायला तयार होते. कल यंत्राचा, झोक शरीराचा, झोल बिघाडाचा. आणि तोल या सगळ्यांतून साधायचा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की दुकानातली भाषा परिभाषा आहे, साहित्याची भाषा नव्हे. वाचक छर्रे आणि कोन यांपाशी अडेल. पण मोट, नाडा, सोंदूर हे शब्द शहरी वाचकाला कुठे ठाऊक होते? ग्रामीण साहित्याने ते खुलासा न देता वापरले आणि वाचकाने संदर्भावरून उचलले. शेतातल्या कामाची भाषा साहित्याची होऊ शकते, तर पंक्चर काढणाऱ्याची का नाही? दुसरा आक्षेप असा, की आता महागड्या सायकली आल्या, त्यांचे वर्णन करणारी भाषाही आली. आली खरी, पण ती जाहिरातीची आहे. ‘रिस्पॉन्सिव्ह’, ‘स्मूथ’, ‘स्टेबल’ ही विशेषणे कोणत्याही वाहनाला, किंबहुना गादीलाही लावता येतात. त्यांच्या जागी ‘प्रतिसादक्षम’ वगैरे घडवून काही साधणार नाही. ‘हात लावला की वळते’ हे चार शब्द पुरे आहेत.

घाई करावी असे कारणही आहे. ‘ॲटलस’ने आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद केला. दुरुस्तीची जुनी दुकाने कमी होत आहेत आणि त्यांच्याबरोबर एक अलिखित शब्दकोश चालला आहे. वसई-विरारच्या सामवेदी आणि वाडवळी बोलींचा अभ्यास करताना आपण लोकगीते आणि विवाहविधी टिपतो. या बोलींत जड चालणारी सायकल कशी सांगतात, हेही एखाद्या एम.ए.च्या प्रकल्पात टिपले जावे. आणि वर्गापुरता एक साधा उपाय आहे. निबंधाचा विषय बदलावा: ‘सायकलचे आत्मवृत्त’ ऐवजी ‘आज सायकल कशी चालली’. अट एकच, वडिलांचा आणि बालपणाचा उल्लेख करायचा नाही. उरते काय, ते पाहण्यासारखे असेल.