पिरान्हा: प्रश्न दातांचा नव्हे, जबाबदारीचा
अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा आदी राज्यांत पिरान्हा पाळण्यास मनाई आहे. अन्यत्र काही ठिकाणी तो दुकानांत उघडपणे मिळतो. या मनाईमागे माशाच्या दातांपेक्षा मालकाच्या कंटाळ्याची धास्ती अधिक आहे. मासा वाढतो, टाकी अपुरी पडते आणि तो तळ्यात सोडला जातो. उबदार पाण्यात तो तगतो. मायामीतील एका पर्यटनस्थळाच्या तळ्यात रुजलेले पिरान्हे अखेर १९७७ साली विष घालून संपवावे लागले. नोकरीनिमित्त राज्य बदलणाऱ्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच सावध असावे. मनाईच्या राज्यात हा मासा नेणे लेसी कायद्यान्वये संघराज्याचाही गुन्हा ठरू शकतो. निघण्यापूर्वी तो तेथीलच जाणत्या पाळणाऱ्याच्या हवाली करावा, तळ्याच्या नव्हे.