वेचणारीचा वाटा



पावसाळा सुरू झाला की आमच्या समुपदेशन केंद्राच्या रस्त्यावर आदिवासी बायका पाट्या घेऊन बसतात. आधी शेवळं येतात, त्यांची खाज मारायला सोबत काकडं. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. श्रावणाच्या आसपास करटोली. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दुपारी एक बाई केंद्रात आली. तिच्या परवानगीनं, ओळख न सांगता, तिची गोष्ट इथे मांडते आहे.

"ताई, नवरा मारत नाही, पीत नाही. मी आलेय ती स्वयंपाकाची तक्रार घेऊन. चालेल ना?" ती संकोचून म्हणाली.

तिच्या नवऱ्याला मधुमेहाचं निदान झालं. व्यायामशाळेत कुणीतरी त्याला 'पॅलिओ' आहार सुचवला. पॅलिओ म्हणजे अश्मयुगातला माणूस खात असे ते खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालतो. धान्य, डाळी, दूध, साखर बंद. तेव्हापासून घरात एका चुलीवर तीन स्वयंपाक होऊ लागले. नवऱ्याला दोन भाज्या आणि मासे किंवा अंडी, सासऱ्यांना भाकरी-आमटी, मुलांच्या डब्यात पोळी. ती स्वतः उरेल ते खायची. शिवाय त्याला पावाची आठवण येते म्हणून रविवारी बदामाच्या पिठाचा केक. बाई पहाटे पावणेपाचला उठू लागली. सहा महिन्यांत त्याची साखर उतरली, वजन उतरलं. नातेवाईक म्हणाले, "काय मनोनिग्रह आहे हो!" मनोनिग्रह त्याचा. पहाट हिची.

एकदा तिनं सवयीनं अळूवडीला बेसन लावलं. त्यानं मुलांदेखत ताट सरकवलं. त्या ताटानं तिला आमच्याकडे आणलं.

मी तिची तक्रार वहीत लिहून घेतली आणि माझा हात थांबला. कारण आदल्या वर्षी माझ्याही घरी हेच चालू होतं. माझ्या जोडीदारानं हाच आहार सुरू केला होता. मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, वस्त्यांमध्ये घरातल्या श्रमविभागणीवर शिबिरं घेणारी. आणि रात्री मीटिंगहून येऊन बदाम उकळत्या पाण्यात टाकत होते, सोलत होते, पंख्याखाली वाळवत होते. सकाळी मिक्सरवर बेतानं फिरवायचे, कारण जास्त फिरले की तेल सुटतं. पावसाळ्यात केळ्याचा केक, हिवाळ्यात लाल भोपळ्याचा, उन्हाळ्यात आंब्याचा. कुणी मला जबरदस्ती केली नव्हती. केक फुगला की कौतुक व्हायचं आणि मला ते आवडायचं. आवडीनं केलेलं काम हे कामच असतं, हे मी इतरांना शिकवत होते. स्वतःच्या ओट्यापाशी मात्र विसरले होते.

या आहाराचा उगमही आपण नीट पाहायला हवा. अश्मयुगीन आहाराची कल्पना 1985 साली अमेरिकेत ईटन आणि कॉनर यांच्या वैद्यकीय लेखामुळे गाजली. 2002 मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. या आहाराच्या जाहिरातीत नेहमी भाला घेतलेला पुरुष असतो. 1966 साली शिकागोत भरलेल्या मानववंशशास्त्राच्या परिषदेचं नावच 'मॅन द हंटर', शिकारी पुरुष, असं होतं. पण त्याच परिषदेत रिचर्ड ली यांनी कलहारी वाळवंटातल्या लोकांचा अभ्यास मांडला, आणि त्यांच्या अन्नाचा मोठा भाग शिकारीतून नव्हे तर बायकांनी वेचून आणलेल्या कंदमुळांतून, फळांतून, बियांतून येतो, असं दिसलं. पुढे 1970 च्या दशकात सॅली स्लोकम या अभ्यासक स्त्रीनं विचारलं, की मग माणसाच्या इतिहासात वेचणारी बाई कुठे गेली?

दुसरी गंमत भाकरीची. जॉर्डनमधल्या एका जुन्या वस्तीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडले. ते सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत, असं 2018 मध्ये जाहीर झालं. म्हणजे शेती सुरू होण्याच्या हजारो वर्षं आधी माणूस रानातलं धान्य वेचून, दळून भाजत होता. तेव्हा बेसन लागलं म्हणून ताट सरकवणाऱ्याला आदिमानवाचा दाखला देण्याचा फारसा अधिकार नाही.

मी या आहाराच्या विरोधात नाही. मधुमेह असलेल्यानं साखर, मैदा कमी करावा, ताटात भाज्या वाढवाव्यात, हे डॉक्टरही सांगतात. पण डाळ सोडायची चैन कुणाला परवडते? एका केकला पाव किलो बदाम लागतात. तेवढ्या पैशात कितीतरी जास्त तूरडाळ येते. ज्या घरात मांस-मासे सणावारीच शिजतात, तिथे डाळ हाच आधार. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयानं ग्रासलेल्या आहेत. एकाच्या ताटातले घटक मोजले जातात, आणि शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरलं हे कुणी मोजत नाही.

वेळेचंही तेच. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97, असं आढळलं. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच. नवा आहार घरात येतो तेव्हा त्याची मिनिटं कोणाच्या खात्यावर चढतात हे सांगायला नको.

आणि आता पुन्हा त्या पाट्यांकडे. ऋतूप्रमाणे रानातलं खाणं ही आपल्याकडे परदेशातून आलेली कल्पना नाही. कोणता पाला कोवळा असताना खुडायचा, कोणता कंद कितीदा उकळून पाणी टाकायचं, मोहाची फुलं कधी वेचायची, हे ज्ञान या बायकांच्या हातात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क मान्य केला आहे. ऑगस्टमध्ये जागोजागी रानभाजी महोत्सवही भरतात. तरी पहाटे रानात जाऊन, गाडीच्या गर्दीत पाटी सांभाळत आलेल्या बाईशी आपण वाट्यामागे पाच रुपयांची घासाघीस करतो. बदामवाल्याशी करत नाही.

त्या बाईचं पुढे काय झालं? दुसऱ्या बैठकीला नवरा आला. आम्ही त्याला उपदेश केला नाही. दोघांना एका आठवड्याची नोंद ठेवायला सांगितली: कोण किती वाजता उठलं, कोणी काय चिरलं, शिजवलं, घासलं, कोण कधी जेवलं आणि काय. तो कागद त्यानं बराच वेळ पाहिला. आता तो आपली अंडी आणि भाज्या स्वतः करतो, आठवड्यातून चार दिवस. उरलेले तीन दिवस सबबी असतात. सासरे काही दिवस अबोला धरून होते. केक बंद झाला. क्रांती झाली असं मी म्हणणार नाही, पण बाई सहाला उठते. माझ्या घरी बदाम सोलण्याचं काम ज्याला केक हवा त्याच्याकडे गेलं, आणि केक महिन्यातून एकदाच होऊ लागला. खाणाऱ्यालाच सोलावं लागलं की भूक आपोआप आटोक्यात येते, हा आमचा अनुभव.

म्हणून गटांना विनंती. पुढच्या बैठकीत 'आहार' या विषयावर बोलताना पाककृतींबरोबर ही एका आठवड्याची नोंदही ठेवून पाहा. घरात कोणताही पथ्याचा आहार सुरू करण्याआधी विचारा: तो शिजवणार कोण? त्यासाठी कोणाचं खाणं कमी होणार? आणि करटोली घेताना बाईला ती कशी करायची हे विचारा, मागेल तो भाव द्या.

माणसाला लाखो वर्षं जगवलं ते वेचणाऱ्या हातांनी. निदान आज तरी वेचणारीला तिचा वाटा मिळायला हवा, बाजारातही आणि घरच्या ताटातही. तुमच्या नोंदी जरूर पाठवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.