न्यायालयाने सांगेपर्यंत थांबायचे कशाला?

न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा ज्यांनी सांभाळली, त्या अ‍ॅना राजम मल्होत्रा भारतीय प्रशासन सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. तुकडी १९५१ ची. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशातच अट होती की लग्न केले तर नोकरी संपेल. पुढे हा नियम बदलला म्हणून त्या सेवेत राहिल्या आणि इतके मोठे काम त्यांच्या हातून होऊ शकले.

सी. बी. मुथम्मा यांचा अनुभव याहून कडू होता. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या त्या पहिल्या महिला. या सेवेतल्या स्त्रीला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. संसारामुळे कामात बाधा येते असे सरकारला वाटले, तर तिच्याकडून राजीनामाही मागता येई. पुरुष अधिकाऱ्यावर असे कोणतेच बंधन नव्हते. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण न्यायालयात असतानाच सरकारने त्यांना बढती दिली आणि तो नियमही मागे घेतला. तरी १९७९ च्या निकालात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सरकारला बजावले की सगळेच सेवानियम तपासा, त्यांतला भेदभाव काढून टाका आणि त्यासाठी कुणी याचिका घेऊन येण्याची वाट पाहू नका.

या गोष्टीला साडेचार दशके झाली. सरकार अजून याचिकेचीच वाट पाहते.

१९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्या राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. बालविवाह रोखणे हे त्यांचे काम होते आणि ते केल्याचीच शिक्षा त्यांना मिळाली. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडले. दिल्ली महापालिकेत हजेरीपटावर राबणाऱ्या रोजंदारी महिलांना प्रसूती रजा मिळाली तीही २००० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयातील एका सहायक प्राध्यापिकेच्या मुलाला जन्मापासून दुर्धर जनुकीय आजार आहे. मुलाच्या उपचारांत तिची रजा संपली आणि बालसंगोपन रजेची तरतूद राज्याच्या नियमांत नव्हती. हा प्रश्न एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नाही, तो घटनात्मक हक्क आहे, असे न्यायालयाला तेव्हा सांगावे लागले.

या प्रत्येक प्रकरणात स्त्रीची नोकरी किंवा काम सरकारी होते. समतेची हमी देणारे संविधान ज्याच्या हाती सोपवले आहे, त्याच्याशीच तिला झगडावे लागले. ज्या न्यायालयाची पायरी चढू शकल्या त्यांची नावे आपल्याला कळतात. ज्यांना वकील परवडला नाही किंवा बदलीची भीती वाटली, त्यांचा अर्ज कार्यालयाच्या दप्तरातच राहिला.

सरकारला मनात आणले तर स्वतःहून पावले उचलता येतात, याचीही उदाहरणे आहेत. बिहारने १९९२ पासून महिला कर्मचाऱ्यांना मासिक पाळीसाठी महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये देशातले पहिले महिला धोरण आणले आणि शासकीय नोकऱ्यांत ३० टक्के आरक्षण दिले. २०२२ च्या जानेवारीत राज्यातल्या महिला पोलिसांची बारा तासांची ड्युटी प्रायोगिक तत्त्वावर आठ तासांवर आणली गेली. राज्याच्या मुख्य सचिवपदी पहिली महिला, सुजाता सौनिक, येण्यासाठी मात्र जून २०२४ ची वाट पाहावी लागली.

आता बालसंगोपन रजेचे पाहू. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवस मिळतात. महाराष्ट्राने दहा वर्षांनी, जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने ही रजा दिली आणि ती १८० दिवसांची ठेवली. वडिलांना ती कधी मिळते, तर पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. म्हणजे धडधाकट आई घरात असताना मूल सांभाळणे हे बापाचे काम नाही, हे सरकारने आपल्याच नियमात लिहून ठेवले आहे. मुलाच्या परीक्षेसाठी वा आजारपणासाठी बापालाही हक्काने रजा मिळाली पाहिजे. तसे झाले, तरच ‘बायका काय, सारख्या रजेवर’ हा टोमणा बंद होईल.

त्या टोमण्यामागची तक्रार मात्र खरी आहे. एक कर्मचारी दीर्घ रजेवर गेली की तिच्या टेबलाचे काम शेजारच्या टेबलावर येते. तिथे आधीच एखाद्या रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार असतो. यात रजेवर गेलेल्या आईचा दोष नाही. पदे रिकामी ठेवणारे आणि पुरेशी रजा राखीव पदे न देणारे सरकार याला जबाबदार आहे. कर्मचारी संघटनांनी रजेची आणि पदे भरण्याची, अशा दोन्ही मागण्या एकत्र मांडायला हव्यात. नाहीतर सहकारीच एकमेकांविरुद्ध उभे राहतात.

लैंगिक छळाच्या तक्रारींबाबतची कुचराई तर अक्षम्य आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात, एक सदस्य कार्यालयाबाहेरचा असावा आणि चौकशी ९० दिवसांत संपावी, असे कायदा सांगतो. तरीही गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना, मे २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या मंत्रालयांत आणि विभागांत समित्या आहेत की नाहीत याची पडताळणी करण्याचा आदेश द्यावा लागला. कायदा होऊन दहा वर्षे झाल्यावरही ही स्थिती होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, अंमलबजावणीसाठी न्यायालयाने पुन्हा मुदती ठरवून दिल्या.

राज्य सरकारने आता तीन गोष्टी कराव्यात. बालसंगोपन रजा केंद्राइतकी करून ती आई-वडील दोघांना द्यावी. अंतर्गत समितीचा वार्षिक अहवाल कार्यालयनिहाय प्रसिद्ध करावा आणि समिती नसेल तर त्याची नोंद कार्यालय प्रमुखाच्या गोपनीय अहवालात व्हावी. कंत्राटी आणि मानधनावरच्या स्त्रियांना, म्हणजे अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्यांनाही, या आधाराच्या कक्षेत घ्यावे. गावपातळीवर शासनाचे काम त्याच करतात.

वाचकांनाही यात एक काम करता येईल. अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश कार्यालयात ठळक जागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिथे कामासाठी आलेल्या स्त्रीलाही या कायद्याचे संरक्षण आहे. तहसील, पंचायत समिती किंवा महापालिकेत पुढच्या वेळी जाल, तेव्हा तो आदेश शोधा. दिसला नाही, तर समितीच्या सदस्यांची नावे माहिती अधिकारात लेखी मागा.