पालिकेची पायरी चढण्यापूर्वी

महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला आणि 1927 च्या मार्चमधील सत्याग्रहानंतर, 4 ऑगस्ट रोजी, तोच ठराव रद्द केला. जे ठरावाने मिळते ते ठरावानेच हिरावले जाते. म्हणून ठराव करणाऱ्यांत आपला माणूस हवा.

परंतु आपली तयारी निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू होते. हा उशीर घातक आहे. उमेदवाराचे वय 21 वर्षे पूर्ण हवे आणि नाव त्याच शहराच्या मतदारयादीत हवे. ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पालिकेची थकबाकी फेडून पावती जपून ठेवा.

1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. तथापि राखीव जागेसाठी जातीचा दाखला व पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागतेच. ते मुदतीत न दिल्यामुळे निवडून आलेल्यांनीही जागा गमावल्या आहेत. महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत; विवाहित भगिनींचा दाखला माहेरच्या पुराव्यांवरून निघतो, म्हणून त्या कामास अधिक अवधी लागतो. निवडणूक खर्चाचा हिशेबही निकालानंतर 30 दिवसांत द्यावयाचा असतो.

कागद अपुरा म्हणून अर्ज फेटाळला गेला, तर विरोधकांना दोष देण्यात काय अर्थ? प्रत्येक वस्तीने दोन सुशिक्षित तरुणांवर हे काम आजच सोपवावे. मत मागण्याचा अधिकार ज्याने आधी कागद सिद्ध केले त्यालाच शोभतो.