पोहणाऱ्या पोरांच्या पोटाशी खेळ

पिंपरी-चिंचवडच्या पोहणाऱ्या मुलांना आहारातलं काही कळत नाही, अशी ओरड असते. त्यांना शिकवणाऱ्या मोठ्यांना तरी काय कळतं? बारा-तेरा वर्षांचं पोर पहाटे अनशापोटी पाण्यात उतरतं, कारण केळं खाल्लं तरी पेटके येतात असा सरांचा फतवा! तीन-चार किलोमीटर मारून बाहेर येतं तेव्हा हात थरथरत असतात. शाळेची घाई, मग फाटकाबाहेरचा वडापाव. पाण्यात घाम दिसत नाही, म्हणून काठावर पाण्याची बाटलीही नाही.

त्याच पोराच्या घरात संध्याकाळी तीन हजारांच्या प्रोटीन पावडरची बोलणी. सुचवली सरांनी, विकणारा सरांच्याच ओळखीचा. एका प्रशिक्षकाला मी याबद्दल हटकलं, तर म्हणाले, ‘तुम्हाला मेडल पाहिजे ना?’ ऑलिम्पिक जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या रोजच्या बारा हजार कॅलरींचाही दाखला दिला. ती दंतकथा असल्याचं खुद्द फेल्प्सनंच सांगून झालंय, पण सरांना कोण सांगणार!

हिशेब मांडू. रोज कसून सराव करणाऱ्याला किलोमागे 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. 45 किलोच्या पोराला दीडच्या दरानं 68 ग्रॅम धरा. दोन अंडी 12, दोन पेले दूध 16, मूठभर शेंगदाणे 7, वाटीभर मटकीची उसळ 8, पाच पोळ्या 15, दोन वेळचं वरण 10. झाले की 68! अंडं चालत नसेल त्यांनी दही-पनीर वाढवावं. पण उसळीवर कमिशन मिळत नाही ना.

डब्यात असतं तरी काय? भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास 70 टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खोटा निघाला. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनंही त्याच वर्षी प्रोटीन सप्लिमेंट टाळा म्हणून सांगितलं. डब्यात बंदी असलेला पदार्थ निघाला, तर नियम सरळ आहे : शरीरात सापडलं, तर जबाबदार खेळाडू. बंदी पोरावर येणार, विकणारा दुसऱ्या दिवशी नवा डबा फोडणार.

चाकणच्या कारखान्यात 250 वर कामगार असले की कॅन्टीन लागायचंच. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच ते होतं. कामगाराच्या पोटाचा विचार कायद्यानं केला, त्याच कामगाराच्या पोहणाऱ्या पोरीचा कोणी करायचा? तिचं रक्त कमी आहे का, पाळी नियमित आहे का, हे कोणी विचारत नाही. ‘वजन उतरव’ एवढं मात्र सगळ्यांच्या समोर ऐकवतात.

हायडेलबर्गला 1972 मध्ये पोहण्याचं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणाऱ्या मुरलीकांत पेटकरांचे सत्कार करून पिंपरी-चिंचवड मिरवतं. मिरवा. पण तलावांच्या ठेक्यात केळी, दूध, उकडलेली अंडी ठेवायची अट घाला. महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञ बोलवा, आणि पहिल्या तासाला पोरांना नव्हे, सरांना बसवा.