जुन्या चिठ्ठीचे दुखणे

सायंकाळी सातच्या सुमारास शहरातील कोणत्याही औषधांच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहिले, तर एक दृश्य हटकून दिसते. हाती पिशवी घेतलेले एखादे वृद्ध गृहस्थ पुढे येतात आणि खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दुकानदारापुढे ठेवतात. चिठ्ठी दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये पक्की बंद केलेली असते. ती फाटू नये, पावसात भिजू नये, म्हणून ही तजवीज. तिच्यावरील तारीख तीन वर्षांपूर्वीची, कधी पाच वर्षांपूर्वीची असते. दुकानदार तारखेकडे पाहत नाही. बहुधा चिठ्ठीकडेही पाहत नाही. “नेहमीच्याच ना, काका?” एवढे विचारून तो गोळ्या पाकिटात घालतो आणि काका समाधानाने घरी जातात.

ह्या समाधानाची किंमत काय पडते, हे आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या निमित्ताने अलीकडेच आम्हांस कळून आले. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. रक्तदाबासाठी त्यांना ॲम्लोडिपीन हे औषध चालू होते. ह्या औषधाने काही रुग्णांच्या घोट्यांवर सूज येते, तशी ती त्यांच्याही आली. डॉक्टरांनी सूज उतरावी म्हणून लघवी वाढविणारी गोळी पंधरा दिवसांपुरती लिहून दिली. पंधरा दिवस कागदावर होते; पण कागद प्लॅस्टिकमध्ये गेला आणि गोळी चार वर्षे चालली. गेल्या उन्हाळ्यात ते असंबद्ध बोलू लागले व स्नानगृहात पडले. घरच्यांना वाटले, वार्धक्याने बुद्धी चळली. रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा त्यातील सोडियम फार खाली गेल्याचे आढळले. गोळी थांबविल्यावर आठवड्याभरात त्यांची बुद्धी ठिकाणावर आली. मोडलेल्या मनगटाला मात्र अधिक वेळ लागला.

ह्यात दोषी कोण? डॉक्टरांनी मुदत लिहिली होती. दुकानदाराने चिठ्ठीतलेच औषध दिले. रुग्णाने एकही दिवस न चुकता ते घेतले. प्रत्येकाने आपापले काम केले आणि तरीही अनर्थ ओढवला. सर्वच दीर्घकालीन औषधांची ही गोष्ट आहे. थायरॉइडच्या गोळीचे प्रमाण रक्त तपासून वेळोवेळी ठरवावे लागते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन मूत्रपिंडांचे कार्य मंदावले की कमी करावे किंवा बंद करावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची तर गोष्टच सोडा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज निघाला. एवढ्या लोकांची औषधे केवळ सवयीने चालू राहावीत, हे कोणाही विचारी माणसास पटणारे नाही.

आश्चर्य असे की, ह्यावरचा उपाय आपल्या कायद्यात लिहिलेला आहे. १९४५ च्या औषध नियमांतील ६५ वा नियम पाहावा. चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले नसेल तर, एकाहून अधिक वेळा वापरता येत नाही. ती किती वेळा अथवा किती अंतराने वापरावी हे डॉक्टरांनी लिहिले असेल, तर त्याबाहेर जाता येत नाही. आणि औषध देतेवेळी दुकानदाराने आपले नाव, पत्ता व तारीख डॉक्टरांच्या सहीच्या वर त्याच चिठ्ठीवर नोंदवावयाची असते. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या कागदावर ही नोंद कशी करणार, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही; कारण नोंद करावयाची असते हेच मुळी कोणाच्या ध्यानात नसते.

कोणी म्हणेल, नियम आहे तर दुकानांवर छापे घाला, परवाने रद्द करा. आम्ही ह्या मताचे नाही. डॉक्टर चिठ्ठीवर “पुन्हा” हा शब्द लिहीत नाहीत, तोवर नियमाची कडक अंमलबजावणी म्हणजे महिन्याच्या महिन्याला रुग्णास दवाखान्याच्या बाकावर बसविणे होय. रिक्षाचे भाडे, डॉक्टरांची फी, दोन तासांचा खोळंबा, हे सारे कशासाठी, तर त्याच तीन गोळ्यांसाठी! निवृत्तिवेतनावर जगणारी एखादी विधवा दोन महिने हे करील व तिसऱ्या महिन्यास गोळ्याच सोडून देईल. रक्तदाबाची किंवा फेफऱ्याची गोळी एकाएकी सुटणे हे जुन्या चिठ्ठीइतकेच, किंबहुना अधिक, घातक आहे. शेजारच्या दुकानी ती मिळतेच, मग मी तरी का नाकारू, हे केमिस्टांचे म्हणणेही अगदीच असमर्थनीय नाही.

इंग्लंडमध्ये ह्या पेचातून बऱ्याच अंशी वाट काढलेली दिसते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ती परिचित आहे. तेथील घरच्या डॉक्टरांकडे रुग्णाच्या कायम औषधांची यादी असते. महिन्यास डॉक्टरांना न भेटता त्यातील हवी ती औषधे मागवावयाची, एक-दोन कामाच्या दिवसांत मागणी मंजूर व्हावयाची, आणि ठराविक काळाने तपासणीची तारीख आली की ती टाळावयाची नाही. ज्यांची प्रकृती स्थिर आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर वर्षभरापर्यंतच्या चिठ्ठ्या एकदमच औषधालयाकडे सोपवू शकतात. तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. तेथील सरकारने करविलेल्या २०२१ च्या चौकशीत प्राथमिक उपचारांत दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी किमान १० टक्के अनावश्यक असावीत असे म्हटले होते. नुसत्या मंजुरीचे यंत्र झाले आणि तपासणी राहिली, की तेथेही आपल्यासारखेच होते. परंतु यादी कोणाच्या ताब्यात आहे आणि तिची मुदत केव्हा संपते, एवढे तरी तेथे ठाऊक असते.

आपल्याकडे एवढी मोठी यंत्रणा उभी होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. “दर महिन्यास एकदा, एकूण तीन वेळा, नंतर रक्त तपासून भेटावे” एवढी एक ओळ लिहिण्यास डॉक्टरांना किती क्षण लागतील? पंधरा दिवसांचे औषध आणि कायमचे औषध एकाच रांगेत न लिहिता वेगळे लिहिले, तर आमच्या स्नेह्यांवरचा प्रसंग टळला असता. महापालिकेच्या दवाखान्यांनी केसपेपरवर हीच रीत पाडावी. अन्न व औषध प्रशासनाने ६५ व्या नियमाचा हा भाग सोप्या मराठीत छापून प्रत्येक दुकानात दर्शनी लावावा. तपासणीपुरत्या भेटीस निम्मी फी घेण्याचे वैद्यक व्यावसायिकांच्या संघटनांनी मनावर घेतल्यास त्यांचे नुकसान होणार नाही. आज तो रुग्ण त्यांच्याकडे फिरकतच नाही.

आणखी एक गोष्ट. परदेशी असलेली मुले हल्ली पुण्या-मुंबईतील आईवडिलांची औषधे दूरध्वनीवरील ॲपमधून मागवितात. जुन्या चिठ्ठीचे छायाचित्र पाठविले की काम होते. फार तर कोणी अपरिचित डॉक्टर दोन मिनिटे बोलतो. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी चालू औषधे पुन्हा लिहून देण्यास वाव ठेवला आहे, तो पाठपुराव्यासाठी. रुग्णाची माहितीच नसताना संमतीचा शिक्का उमटविण्यासाठी नव्हे. मुलांची माया खरी आहे. पण वडिलांची शेवटची रक्ततपासणी केव्हा झाली, हे विचारावयास त्या मायेने विसरू नये.

आमच्या स्नेह्यांना आता नवी चिठ्ठी मिळाली आहे. त्यांच्या आग्रहावरून डॉक्टरांनी तीवर “तीन वेळा” असे लिहिले. ती घेऊन ते नेहमीच्या दुकानी गेले व सहीच्या वर शिक्का मारून तारीख घालण्यास त्यांनी सांगितले. वीस वर्षे त्या फळीमागे उभा असलेला दुकानदार चष्मा पुसून चिठ्ठी वाचू लागला, आणि मग त्याने विचारले, “असे लिहिलेले चालते का, सर?”